जुनी हार्ड डिस्क रांगतेय, एसएसडीवर क्लोन करू की फॉरमॅट मारू?

फॉरमॅट मारा म्हणणाऱ्याचं त्या डिस्कवर काहीच नसतं, म्हणून तो बिनधास्त सांगतो. तुम्ही लिहिलंय की डेस्कटॉप दहा वर्षांचा आहे, १ टीबीची डिस्क रांगतेय, डिस्कची तब्येत सांगणारं क्रिस्टलडिस्कइन्फो पिवळं 'कॉशन' दाखवतंय आणि दुकानदार म्हणतो फॉरमॅट करून विंडोज १० नव्यानं टाकू. क्रिस्टलडिस्कइन्फोच्या यादीतली सी५ ची ओळ बघा. तिथे शून्याशिवाय दुसरं काही असेल, तर डिस्कचे काही सेक्टर, म्हणजे डेटा ठेवायचे बारीक कप्पे, वाचले जाईनासे झालेत. अशा डिस्कवर काम करायचं एकच, तिच्यातलं सगळं जसंच्या तसं दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्यायचं, म्हणजेच क्लोन. नवी डिस्क हातात येईपर्यंत पीसी बंद ठेवा.

प्रश्न जरा झोंबला, कारण हाच वाद माझा साडूशी झालाय आणि अजून मिटलेला नाही.

अमळनेरला माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, हँडबिलं, गंधमुक्तीची कार्डं. मशीनवर विंडोज एक्सपी, पानं मांडायचं पेजमेकर ७ आणि मराठी फॉन्टची डोंगलवाली (किल्ली लावल्याशिवाय न चालणारी) श्रीलिपी. हसायचं असेल तर हसून घ्या. आमच्याकडची पत्रिका कधी पाहिलीय? वर 'धनदाई माता प्रसन्न', 'एकवीरा माता प्रसन्न', मग आजोबा, चुलते, मामा, मेव्हणे, खाली समस्त पाटील परिवार. चुलत्याचं नाव मामाच्या खाली गेलं तर मांडवात तोंडं फिरतात. म्हणून थोरल्याच्या लग्नाची फाइल जपून ठेवायची आणि धाकट्याच्या वेळी तीच उघडून नावं बदलायची. बरं, नुसत्या फाइली पेन ड्राइव्हवर घेऊन भागत नाही. हे फॉन्ट युनिकोडच्या आधीचे. ते नसतील तर 'चि. सौ. कां.' च्या जागी इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. मला मशीन आहे तसंच्या तसं हवं होतं.

आणि डिस्कनं मान टाकली ती ऐन लग्नसराईत. मे महिना, पारा ४५ अंशांवर, डोक्यावर पत्रा. फाइल उघडायला गेलं की कर्सर गोठायचा, डब्यातून कर्र असा आवाज, थोडं थांबून पुन्हा कर्र. दारात गिऱ्हाईक, "पत्रिका व्हयनी का भो?" साडू लग्नासाठीच पुण्याहून आलेले, आयटीतले. म्हणाले, "दादा, चेकडिस्क लावून बघतो, नाहीतर फॉरमॅट. एवढं जुनं कोण ठेवतं हो? सगळं क्लाउडवर टाका." बोलता बोलता 'चेकडिस्क स्लॅश आर', ही विंडोजची डिस्क तपासून दुरुस्त करायची आज्ञा, टाइप करायला घेतलं. मी कीबोर्डच ओढून घेतला. बायकोला ते आवडलं नाही, पण इलाज नव्हता.

स्लॅश आर डिस्कचा कोपरा न् कोपरा वाचत सुटतं आणि दुरुस्तीच्या नावाखाली त्याच डिस्कवर लिहितं. मरायला टेकलेल्या डिस्कवर एक अक्षरही लिहायचं नसतं. पुण्यात बसून ते कळत नाही, तिथे जुनी डिस्क काढून कंपनी नवा लॅपटॉप देते.

जळगावहून नवी एसएसडी मागवली, डबा उघडून रिकाम्या सॅटा पोर्टला लावली आणि लिनक्सच्या पेन ड्राइव्हवरून मशीन सुरू केलं. त्यात डीडीरेस्क्यू होतं, बिघडलेल्या डिस्कची नक्कल काढणारं सॉफ्टवेअर. हे आधी चांगले भाग भराभर उचलतं, अडलेले सोडून पुढे जातं आणि शेवटी त्या अडलेल्यांमागे लागतं. कुठवर आलो याची नोंद ते मॅपफाइलमध्ये ठेवतं. ही मॅपफाइल मी वेगळ्या पेन ड्राइव्हवर ठेवली होती, आणि तेच कामाला आलं. मध्यरात्री लाइट गेली, यूपीएसची बॅटरी कधीचीच बसलेली. लाइट आल्यावर तीच आज्ञा पुन्हा दिली, तर गाडी होती तिथून पुढे. साडू तेव्हा गच्चीवर झोपलेले होते.

सकाळी जुनी डिस्क काढली, एसएसडीवरून एक्सपी उठलं, श्रीलिपी उठली. काही जुने फोटो गेले, पत्रिका सगळ्या शाबूत. चेकडिस्क लावलं ते यानंतर, नव्या डिस्कवर.

तुमच्या बाबतीत सी५ शून्य असेल तर क्लोनझिला हे क्लोन करायचं साधं सॉफ्टवेअर पुरेसं आहे. खराब सेक्टर लागला की ते थांबतं, त्याला रेस्क्यूचा पर्याय द्यावा लागतो. त्यापेक्षा मी सरळ डीडीरेस्क्यूच घेईन. एसएसडी पूर्ण १ टीबीची घ्या. ९६० जीबीची चार पैसे स्वस्त मिळते, पण जशीच्या तशी नक्कल तिच्यात मावत नाही. वेळ म्हणाल तर सेकंदाला १०० एमबीनं तीनेक तास, जुन्या यूएसबी २ वर नऊ-दहा तास, आणि खराब सेक्टर लागले तर सांगता येत नाही. सोर्स कोणती न् टार्गेट कोणती हे मॉडेलचं नाव वाचूनच ठरवा, उलटं झालं तर कोरी डिस्क जुन्यावर उतरेल. क्लोन झाल्यावर पहिल्यांदा सुरू करताना जुनी काढून ठेवा. दोन्ही लावल्या तर विंडोज डिस्क ज्या सहीवरून (ओळख क्रमांकावरून) ओळखतं ती एकच असल्यामुळे ते गोंधळतं.

साडूंचं एक म्हणणं मात्र खरं आहे, एक्सपीला ८ एप्रिल २०१४ नंतर नियमित अपडेट नाहीत. म्हणून त्या मशीनची नेटची वायर मी काढूनच टाकलीय. तुमच्या विंडोज १० चा आधारही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि दहा वर्षांच्या मशीनवर ११ अधिकृतपणे चढत नाही. तेव्हा पुढेमागे नवं मशीन घ्यावंच लागेल, पण तो विचार क्लोन हातात आल्यावर. फॉरमॅटचा शौक तेव्हा खुशाल भागवा, सगळं क्लाउडवर टाकणाऱ्यांनी आधी आमच्याकडच्या नेटवर एवढं सगळं चढवून दाखवावं.

हे आधीच सांगायला हवं होतं: डिस्क टक टक करत असेल किंवा बायोसमध्येच (पीसी सुरू होताना विंडोजच्या आधी येणाऱ्या सेटिंगमध्ये) दिसत नसेल, तर वरचं काहीही करू नका. वीज द्यायची नाही, सरळ डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या. बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप, चालू असेल तर रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. एसएसडी कुठल्या कंपनीची घ्यावी यावर माझं काही मत नाही, पक्कं बिल तेवढं मागून घ्या.