गाणं लागलं की सून रेडिओ बंद करते

‘ताई, माझं वय ५८. यांना जाऊन दोन वर्षं झाली. ‘शुक्रतारा मंद वारा’ लागलं की माझे डोळे भरतात, म्हणून सून रेडिओ बंद करते. ‘आई, आता सावरा’ म्हणते. खरं तर हे फार तापट होते, आमची भांडणंही पुष्कळ व्हायची. गाणं ऐकताना मात्र त्यातलं काहीच आठवत नाही. मी स्वतःलाच फसवतेय का?’

सप्रेम नमस्कार.

नाही हो, फसवत नाही. पूर्वी ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटांचं गाणं बसायचं. तेवढ्यात एखादी संध्याकाळ मावते, अख्खा संसार कुठून मावणार? पाडगावकरांनी लिहिलेलं, खळ्यांनी चाल दिलेलं, अरुण दाते आणि सुधा मल्होत्रांनी गायलेलं तुमचं हे गाणं तर शुक्राच्या वेळेचं. संध्याकाळचा शुक्र सूर्यामागून फार तर तीनेक तासांत मावळतोच. जवळ राहा, एवढीच त्या गाण्यातली विनवणी. ते ऐकताना तुम्हाला त्यांच्यासोबतची एखादी शांत संध्याकाळ आठवत असेल, तर ती खोटी कशी? तुमच्या वाट्याला ती आली होतीच ना?

रागालोभाला आपल्याकडे दळणाचं जातं होतं. भरताराचं कौतुक आणि त्याचं गाऱ्हाणं, दोन्ही बायकांनी ओव्यांतूनच सांगितलं. गाऱ्हाणं सांगितलं म्हणून कौतुक खोटं ठरलं नाही.

तुमच्या सुनेला कवयित्री इंदिरा संतांबद्दल सांगा. त्यांनी आणि त्यांच्या पतीने मिळून ‘सहवास’ हा संग्रह काढला होता. १९४६ मध्ये पती गेले. पदरी लहान मुलं. बेळगावात शिक्षिकेची नोकरी करून त्यांनी ती वाढवली आणि ‘शेला’, ‘मेंदी’, ‘मृगजळ’ अशा एकेका संग्रहातून त्या गेलेल्या माणसाशी बोलत राहिल्या. २००० साली त्या गेल्या. मधली ५४ वर्षं! त्या सावरल्या नव्हत्या असं कोण म्हणेल? मला त्यांच्या कविता वाचताना दरवेळी वाटतं, हे दुःख स्वतःच्या पायांवर उभं आहे.

सुनेवर रागावू नका. तुम्हाला रडताना पाहून ती घाबरते, आणि तिच्या हातात तेवढं एक बटण असतं. तिला सरळ सांगा, ‘अगं, रडू दे मला, गाण्यापुरतंच असतं ते.’ मग तिला जवळ बसवून यजमानांच्या तापटपणाच्या गोष्टी सांगा. ताट सरकवून उठले ते सांगा, आणि रात्री काय निमित्त काढून बोलायला आले तेही सांगा. तिला तिचे सासरे पुरते कळू देत.

झोप आणि जेवण सुटलं असेल तर मात्र डॉक्टरांना दाखवा, त्यात हयगय नको.

आणि रेडिओ आजच तुमच्या खोलीत नेऊन ठेवा.

तुमची,
ताई