बिना नांगरणीचं पटतं सगळ्यांना, मग करत का नाही कोणी?

यावेळी तीन प्रश्न आलेत, तिन्ही एकाच विषयाचे आहेत म्हणून एकत्रच उत्तर देतो. एक दादा विचारतात, "साहेब, शेतीशाळेत तुम्ही बिना नांगरणीचं सांगता, सगळे हो हो म्हणतात, अन् मे महिन्यात परत सगळ्यांच्या रानात पलटी नांगर, असं का?" दुसऱ्यांचं म्हणणं, "आधी तुम्हीच उन्हाळ्यात खोल नांगरट करा सांगायचे, आता नांगरू नका म्हणता, नेमकं धरायचं काय?" आणि एका ताईंनी लिहिलंय, "नांगरलं नाही की तण माजतं, ते खुरपायला आम्हीच जायचं ना, त्याचं काय?"

पहिल्या दादांना स्पष्टच सांगतो, नांगरून मोकळी झालेली माती पावसाने वाहून जाते, ती वाचवायची म्हणून नांगर सोडला असा शेतकरी फार क्वचित सापडतो, आणि त्यात शेतकऱ्याचं काही चुकत नाही. आपल्या देशात वर्षाला हेक्टरी सरासरी 16 टनांच्या वर माती वाहून जाते असा अंदाज 1983 सालीच निघालाय, म्हणजे एकरी साडेसहा टन, ट्रॉलीच्या हिशेबात दोन ट्रॉल्या. पण हा तोटा वहीत कुठंच दिसत नाही हो, दुकानदाराची उधारी दिसते, ट्रॅक्टरवाल्याचं बिल दिसतं, वाहून गेलेल्या मातीचं बिल कोणी घेऊन येत नाही. त्यामुळे नुसतं माती माती करून भागत नाही, याच हंगामात हातात काय पडणार ते दिसावं लागतं.

हरियाणाचं बघा. तिथे भातानंतरचा गहू बिना नांगरता पेरायचं झिरो टिल यंत्र 1990 च्या दशकात आलं, पंतनगर विद्यापीठाने बनवलेलं, पण ते पसरलं कशामुळे तर गव्हातलं गुल्ली डंडा नावाचं तण आयसोप्रोट्युरॉन या तणनाशकाला मरेना झालं होतं, आणि भात काढून नांगरट करेपर्यंत गव्हाला उशीर व्हायचा. नांगरलं नाही की पेरणी लवकर, डिझेल वाचलं, तणही कमी उगवलं. माती सुधारली ती मागाहून, तिच्यासाठी कोणी यंत्र घेतलं नव्हतं. आपल्याकडे सोयाबीनला बीबीएफ यंत्र, म्हणजे रुंद गादी अन् सरी पाडत पेरणारं यंत्र, जिथं जिथं रुळलं तिथं पण हेच कारण, नेहमीच्या पेरणीला एकरी 30 किलो बी लागतं ते 22 किलोवर भागतं, वर पाऊस जास्त झाला की सरीतून पाणी निघून जातं अन् उघडीप पडली की गादीत ओल राहते.

दुसरी गोष्ट शेजाऱ्याची. आम्ही कितीही स्लाइड दाखवल्या तरी बांधापलीकडच्या माणसाचं सोयाबीन जास्त बोलतं. नेरळचे चंद्रशेखर भडसावळे यांनी एसआरटी म्हणजे साडेचार फुटी कायमचे गादीवाफे, पीक कापायचं पण मुळं जमिनीतच ठेवायची, हे तंत्र रायगडच्या भातात बसवलं आणि पुढे पोकरा या राज्य सरकारच्या कृषी प्रकल्पातून ते मराठवाडा-विदर्भात सोयाबीन, कापूस, मक्यावर आलं. पण कोकणातला भात बघून आपल्या काळ्या चिकट रानाचा माणूस हलत नाही, बरोबरच आहे, माती वेगळी, पाऊस वेगळा. त्याला त्याच्याच शिवारातलं, त्याच्याच खोलीचं रान दाखवावं लागतं. ब्राझीलच्या पराना राज्यात हर्बर्ट बार्ट्झ या शेतकऱ्याने 1972 साली बिना नांगरणीचं सोयाबीन केलं तेव्हा लोक त्याला वेडा म्हणायचे, नंतर शेतकऱ्यांनीच एकमेकांची रानं बघत बघत ते पसरवलं, आज तिथली बहुतेक सोयाबीन अशीच पेरली जाते.

आता अडचणी, ज्यावर आम्ही मीटिंगमध्ये फारच कमी बोलतो असं माझं मत आहे. रान बटईने किंवा ठोक्याने केलेलं असेल, पुढच्या वर्षी मालक ते कोणाला देईल माहीत नाही, तर तीन-चार वर्षांनी सुधारणारी माती दुसऱ्यासाठी कोण सुधरवेल? बटईदाराला नावं ठेवू नका, मालकाशी तीन वर्षांची बोली करता आली तर करा. मग यंत्र. वापसा आला, म्हणजे रान पेरणीजोगं ओलं झालं, की सगळ्या गावाला एकदमच पेरायचं असतं, गावात बीबीएफ एक, नंबर लागेपर्यंत ओल उडते, मग माणूस नाइलाजाने तिफण नाहीतर साधं पेरणीयंत्र धरतो. कितीतरी ठिकाणी हेच खरं कारण आहे, पटत नाही वगैरे काही नाही. शिवाय कुटार म्हणजे पिकाचा भुसा गुरांना लागतो, रानात ठेवा म्हणणं सोपं आहे पण गोठ्यात जनावरं उभी असताना तो कोण ठेवणार, म्हणून मी सांगतो की वरचं कुटार हवं तर न्या, बुडखा आणि मुळं तेवढी ठेवा. आणि घरातली मोठी माणसं, नांगरलेलं काळंभोर रान म्हणजे कष्टाळू माणसाचं रान ही त्यांची समजूत आहे, त्यांच्याशी वाद घालू नका, त्यांनाच सोबत घेऊन जिथं केलंय ते रान दाखवा.

ताई, तुमचा मुद्दा शंभर टक्के बरोबर आहे. नांगरट ट्रॅक्टरने होते, पैसे घरधनी देतो, आणि वाचलेल्या नांगरटीचं तण बायकांच्या पाठीवर येतं. पहिली दोन वर्षं तण जास्त वाटेल हे धरून चला, आणि तणाचं नियोजन घरात आधी ठरल्याशिवाय सुरूच करू नका. पेरणीनंतर 48 तासांच्या आत, ओल असताना पेंडीमेथॅलीनसारखं उगवणपूर्व तणनाशक, त्यानंतर सोयाबीनला चालणारं निवडक तणनाशक तण दोन-चार पानांवर असताना, लेबलवरच्याच मात्रेने. दुकानदार ग्लायफोसेट देईल, पण त्याचं लेबल चहामळे आणि बिनपिकाच्या जागेपुरतं आहे आणि 2022 पासून केंद्राने त्याच्या वापरावर बंधनंही आणलीत, त्यामुळे आमच्याकडे विचारल्याशिवाय हात लावू नका. ज्या रानात हराळी, लव्हाळा भरलाय तिथं बिना नांगरणी सुरू करायचीच नाही, आधी ते रान साफ करा.

खोल नांगरटीचं म्हणाल तर दोन्ही सल्ले आपापल्या जागी बरोबर आहेत. उन्हाळी नांगरटीने किडीचे कोष वर येऊन मरतात, हराळीच्या काशा वाळतात, पण सोयाबीनच्या शिफारशीत ती तीन वर्षांतून एकदा आहे, दरवर्षी नाही. दरवर्षी नांगर, वर दोन वेळा रोटा म्हणजे रोटाव्हेटर, मग माती पिठासारखी भुकटी होते, जूनचा पहिला मोठा पाऊस आला की वर पापडी धरते आणि पाणी मुरायच्या ऐवजी ओहोळाला लागतं, खाली रोटाच्या तळाला कडक थर होतो तो वेगळाच. ज्यांना एकदम नांगर सोडायचा नाही त्यांनी किमान रोटा बंद करावा आणि उताराला आडवी पेरणी करावी, एवढ्यानेही फरक पडतो. कापसाच्या पट्ट्यात एक पथ्य, मुळं ठेवायची म्हणून पऱ्हाटी, म्हणजे वेचणीनंतरची कापसाची झाडं, उभी ठेवू नका, गुलाबी बोंडअळी तिथेच राहते, जमिनीलगत कापून शेताबाहेर काढा. ज्यांच्याकडे शंखी गोगलगाय येते त्यांनी बांध स्वच्छ ठेवून गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटं संध्याकाळी टाकावीत, सकाळी गोळा करून मिठाच्या पाण्यात बुडवून माराव्यात.

उत्पादन वाढेलच असं मी कोणाला सांगत नाही. जगभरच्या प्रयोगांची एकत्र आकडेमोड 2014 साली झाली, त्यात नुसती नांगरणी सोडली तर उत्पादन सरासरीने थोडं कमीच आलं, पण कोरडवाहू भागात पिकाचे अवशेष ठेवून फेरपालट केली तिथं बरोबरीचं नाहीतर थोडं जास्त निघालं. आपला बराचसा भाग कोरडवाहूच आहे. पण सोयाबीनवर सोयाबीन आणि अवशेष सगळे जाळायचे, असं असेल तर बिना नांगरणीकडून फार अपेक्षा ठेवू नका.

म्हणून सगळं रान एकदम नको, अर्धा एकर घ्या, वाटेकडेचं घ्या म्हणजे लोकांना दिसेल. शेजारचा अर्धा एकर नेहमीसारखा करा आणि दोन्हीचा खर्च वेगळा लिहा, नांगरट, रोटा, पाळ्या, बी, खुरपणी, घरच्यांची मजुरी धरून. जूनमध्ये जोराचा पाऊस झाला की दोन्हीकडून वाहणारं पाणी एकेका बाटलीत भरा, रात्रभर ठेवा, सकाळी तळाला बसलेला गाळ बोटाने मोजा आणि ती बाटली घरच्यांना दाखवा, माझ्या दहा भाषणांपेक्षा ती बाटली चांगली. माती परीक्षणाचा नमुना आत्ताच काढून ठेवा, तीन वर्षांनी सेंद्रिय कर्ब त्याच्याशी ताडता येईल. यंत्रासाठी सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर अर्ज करा, अल्पभूधारक आणि महिला शेतकऱ्यांना 50 टक्के, बाकीच्यांना 40 टक्के अनुदान आहे, फक्त मंजुरीआधी खरेदी करू नका, अनुदान मिळत नाही. एकट्याला परवडत नसेल तर गटाने घ्या आणि पेरणीचे नंबर मे महिन्यातच ठरवून लिहून ठेवा, वापशाच्या दिवशी भांडणं नकोत.