व्हिसल : शिट्टी, शीळ की भोंगा?

व्हिसलला मराठीत एकच नेमका शब्द का सापडत नाही, आणि व्हिसलब्लोअर, डॉग व्हिसल यांचा शिट्टीशी काय संबंध, असं विचारलंय.

इंग्रजीत वस्तू, तिचा आवाज, तो काढण्याची क्रिया, सगळं व्हिसलच. आपण आधी बघतो की वाजतंय काय. रेफरी, ट्रॅफिक हवालदार, कुकर, रेल्वेचं इंजिन यांची शिट्टी. ओठांचा चंबू करून सूर काढला की शीळ, तीच दोन बोटं तोंडात घालून थेटरात मारली की परत शिट्टी. पक्षी आणि वारा शीळ घालतात, सह्याद्रीतल्या शीळकरी कस्तुराचं नावच त्यावरून आहे (इंग्रजीत याला व्हिसलिंग स्कूलबॉय पण म्हणतात, आणि पावसाळ्यात पहाटे ऐकलंत तर खरंच कुणीतरी पोरगं उनाडक्या करत चाललंय असं वाटतं). पण व्हिसलिंग डक मात्र आपल्याकडे नुसती अडई, शिळेचा पत्ताच नाही. फॅक्टरी व्हिसल म्हणजे गिरणीचा भोंगा, तिथे शिट्टी लिहिलंत तर गिरणगावातले लोक हसतील. कानाजवळून गोळी व्हिसल करत गेली, तर ती आपल्याकडे सूं सूं करत जाते.

व्हिसलब्लोअरमध्ये चित्र पोलीस किंवा रेफरीचं आहे, काहीतरी चुकतंय म्हणून शिट्टी फुंकणारा. आतला माणूस बाहेर येऊन भानगड उघड करतो हा चांगला अर्थ १९७०च्या आसपास अमेरिकेत ग्राहकांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या राल्फ नेडरमुळे रुळला. मराठी पेपरांनी त्याला जागल्या केलं, म्हणजे गावाचा रात्रीचा राखणदार, आणि मला तरी हा शब्द मूळ इंग्रजीपेक्षा सरस वाटतो कारण त्यात नुसता आवाज नाही, जागं राहणं आहे. शिट्टीवाला म्हटलं असतं तर लोकांना निवडणूक चिन्हच आठवलं असतं.

डॉग व्हिसल ही खरीखुरी वस्तू आहे, कुत्र्याला ऐकू येणारी पण माणसाला न येणारी शिट्टी. १८७६च्या सुमारास फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने ऐकू येण्याची मर्यादा तपासायला तशी शिट्टी बनवली. माणसाला साधारण २० हजार हर्ट्झपर्यंतच ऐकू येतं, कुत्र्याला त्याच्या बरंच वर. म्हणून भाषणात सगळ्यांना साधं वाटणारं पण आपल्या माणसांना बरोबर कळणारं वाक्य म्हणजे डॉग व्हिसल. याला कुत्र्याची शिट्टी म्हणू नका प्लीज, सूचक इशारा किंवा सरळ डॉग व्हिसल ठेवा.

वाक्प्रचारांत तर शिट्टी शोधूच नका. वेट युअर व्हिसल म्हणजे घसा ओला करणे, इथे व्हिसल म्हणजे तोंड नाहीतर घसा. बेल्स अँड व्हिसल्स म्हणजे मोबाइलवाला विकताना सांगतो ती जादाची फीचर्स. आणि यू कॅन व्हिसल फॉर इट, म्हणजे मिळायचं नाही काही, बस बोंबलत.