आधी कौले, मग भिंत: भाड्याच्या जुन्या घराचे प्रश्न

एप्रिल लागला की कौलारू घरात भाड्याने राहणाऱ्यांची पत्रे वाढतात. पाऊस दोनएक महिन्यांवर आलेला असतो आणि हातात पैसे मोजके असतात. यावेळचे प्रश्न पत्रे आली त्या क्रमाने घेतलेले नाहीत. ज्याने जीव जाऊ शकतो तो पहिला आणि ज्याला दिवाळीपर्यंत थांबता येते तो शेवटी.

प्रश्न (मालवण): न्हाणीघराच्या ओल्या भिंतीला हात लागला की झिणझिण्या येतात. वायरिंग जुने, लाकडी पट्टीवरचे आहे. फक्त तेवढी वायर बदलली तर चालेल का?

उत्तर: हे वाचून झाले की मेन स्विच बंद करा आणि परवानाधारक वायरमन येईपर्यंत तो बंदच ठेवा. कुठे तरी वायरचे आवरण सुटले आहे आणि भिंतीतली ओल वीज वाहून नेते आहे. जुन्या पट्टीतले सांधे बहुधा नुसते पिळून चिकटपट्टीने गुंडाळलेले असतात. खाऱ्या दमट हवेत तिथले तांबे हिरवे पडते. वायरमनला मेगर (वायरचे आवरण धड आहे का ते मोजणारे यंत्र) लावून प्रत्येक लाइन तपासायला सांगा, नुसता टेस्टर टेकवून भागत नाही.

सगळे घर एकदम करणे परवडत नसेल तर मेनजवळ ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की आपोआप पडून वीज तोडणारा स्विच) आणि अर्थिंग आधी करा. त्यानंतर न्हाणीघर आणि स्वयंपाकघराची लाइन घ्या, बाकीच्या खोल्या पुढच्या वर्षी. दिवे-पंख्यांना १.५, प्लगला २.५ आणि गिझरला ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर घ्या. भिंतीतला चिरा (जांभ्याचा घडीव दगड) फोडून वायर आत घालू नका. वरून पीव्हीसी पाइप आणि पीव्हीसीचेच बॉक्स लावा, लोखंडी बॉक्स या हवेत गंजतात. जांभ्याच्या जमिनीत उन्हाळ्यात ओलावा राहत नाही, त्यामुळे अर्थिंग कमजोर पडते. त्याची मोजणी मे महिन्यात करून घ्या. आणि आरसीसीबी सारखा पडतो म्हणून तो काढून टाकणारे महाभाग असतात. तो पडतो तेव्हा कुठे तरी गळती आहे हेच तो सांगत असतो.

प्रश्न (दापोली तालुका): सहाशे चौरस फुटांचे चिऱ्याचे घर, वर मंगलोरी कौले. माजघरात तीन जागी गळते. सगळी कौले बदलायला पैसे नाहीत. पत्रा घालावा का?

उत्तर: पत्रा नको. उन्हाळ्यात घर तापते, पावसात बोललेले ऐकू येत नाही आणि समुद्राजवळ स्क्रूच्या भोकापासून गंज सुरू होतो. शिवाय छप्पर बदलणे हे मालकाच्या लेखी संमतीशिवाय करायचे काम नाही.

आधी गळती शोधा. थेंब पडतो त्याच्या बरोबर वर भोक नसते. पाणी वरच्या अंगाला शिरते, रीप (कौले जिच्यावर टेकतात ती आडवी पट्टी) किंवा वासा (रिपांखालचे उतरते लाकूड) धरून खाली येते आणि अडथळा आला की टपकते. भर दुपारी दारे-खिडक्या लावून माळ्यावर जा. जिथून उजेडाची टाचणी दिसेल तिथे वाशावर खडूने खूण करा. उजेड न दिसताही गळत असेल तर कौलांच्या खोबणीत पाला आणि शेवाळ साचून पाणी बाजूने चढते आहे. तिथे पैसे लागत नाहीत, केरसुणी लागते.

तरीही गळत राहिले तर दोन पाखी (छपराच्या उतरत्या बाजू) मिळतात त्या कोपऱ्यातली पत्र्याची पन्हळ आणि आढ्यावरचे कोने (छपराच्या माथ्यावरची कौले) बघा. कोन्यांखालचा जुना सिमेंटचा माल तडकलेला असतो. तो खरवडून एकाला चार या प्रमाणात सिमेंट-वाळूचा माल फक्त कडांना भरा, पोकळी गच्च भरू नका. दोन कौलांच्या फटीत मात्र कधीही सिमेंट भरू नका. कौल हलायचे थांबते, पाणी अडते आणि पुढच्या वेळी एका कौलासाठी चार फोडावी लागतात.

हिशेब असा: उतार आणि वळचण धरून तुमचे छप्पर आठशे चौरस फुटांच्या आसपास भरेल. शंभर चौरस फुटांना दीडशे धरली तर एकूण बाराशे कौले झाली. शेकडा दहा फुटलेली निघाली तरी लागतात एकशेवीस. कौल हातात धरून बोटाच्या पेराने वाजवा. खणखणीत वाजले तर ठेवा, बद्द वाजले तर तडा आहे, मग तो दिसो वा न दिसो. नवी विकत घेण्याआधी पाडलेल्या घरांचा माल विकणाऱ्याकडे चौकशी करा, पण आपले एक कौल सोबत न्या. वेगवेगळ्या कारखान्यांच्या कौलांच्या खोबणी जुळत नाहीत. जुळणारी मिळालीच नाहीत तर मागच्या पाख्यावरची चांगली कौले काढून पुढचे पाखे पुरे करा, आणि मागचे पाखे सगळे दुसऱ्या एकाच जातीचे घाला. एका पाख्यावर दोन जाती आल्या की झड आत शिरणारच.

कौले उतरवलीच आहेत तर रिपांना स्क्रूड्रायव्हर टोचून बघा. पाव इंचापेक्षा जास्त आत गेला तर ती रीप बदला. नवी रीप दोन बाय एक इंचाची घ्या आणि खिळे जस्ताचा मुलामा दिलेले वापरा, साधा खिळा गंजून फुगतो आणि रीप चिरतो. दोन रिपांमधले अंतर साधारण साडेबारा इंच असते, पण आपलीच दोन कौले एकमेकांत बसवून मोजलेले खरे. वाशाचे टोक भिंतीजवळ कुजले असेल तर अख्खा वासा बदलायला नको. त्याच जाडीचा तुकडा बाजूला लावा. तो भिंतीवरच्या पाटावर (भिंतीच्या माथ्यावरच्या आडव्या लाकडावर) टेकला पाहिजे आणि धड लाकडावर तीन फूट चढला पाहिजे. मग दहा मिलिमीटरच्या बोल्टांनी आवळा.

छपरावर पाय टाकायचा तो कौलाच्या खालच्या टोकाशी, जिथे कौलावर कौल येते आणि खाली रीप असते. शेवाळ ओले असताना चढूच नका. एक काचेचे कौल माजघरावर टाकून घ्या, दिवसा दिवा लावायला नको.

प्रश्न (रत्नागिरी शहर): मालक दुरुस्तीचे नाव काढत नाहीत. खर्च भाड्यातून वळता करता येतो का?

उत्तर: येतो, पण मर्यादेत. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १४ प्रमाणे, करारात वेगळे ठरलेले नसेल तर घर राहण्याजोगे ठेवणे ही मालकाची जबाबदारी आहे. किमान पंधरा दिवसांची नोटीस देऊनही वाजवी वेळेत काम झाले नाही तर भाडेकरू ते स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. एका वर्षात ही रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त होता कामा नये. महिना पाच हजार भाडे असेल तर वर्षाला पंधरा हजार. नोटीस पोस्टाने पाठवून पोच जपा, कामाआधीचे आणि नंतरचे फोटो काढा, बिले पक्की घ्या. हा कायदा त्याच्याच अनुसूचीत (जोडलेल्या यादीत) नावे असलेल्या क्षेत्रांनाच लागू आहे. म्हणून गावात घर भाड्याने घेताना दुरुस्ती कोणाकडे, हे करारातच लिहून घ्या.

प्रश्न (रेवदंडा): भिंतीचा खालचा तीन फूट भाग दरवर्षी फुगतो. वॉटरप्रूफ पुट्टी दोनदा लावली, दोन्ही वेळा पापुद्रे सुटले.

उत्तर: तिसऱ्यांदा लावू नका. जमिनीतली ओल चिऱ्यातून वर चढते. सिमेंटचा गिलावा आणि पुट्टी तिला बाहेर पडू देत नाहीत, मग ओलीबरोबर आलेला क्षार आतल्या आत सुकून गिलावा ढकलतो. भिंतीवर पांढरी भुकटी दिसते ती हीच, लोणा. खात्रीसाठी फूटभर प्लास्टिक चारी बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीवर बसवा. दोन दिवसांनी आतल्या बाजूला पाणी दिसले तर ओल भिंतीतली, बाहेरच्या बाजूला दिसले तर खोलीतल्या हवेतली.

पहिले काम बाहेर आहे. वर्षानुवर्षे माती आणि लाद्या चढवून अंगण घरातल्या जमिनीच्या बरोबरीला आलेले असते. भिंतीलगत दीड फूट रुंदीची पट्टी खणा, तिची पातळी आतल्या जमिनीपेक्षा निदान अर्धा फूट खाली न्या आणि उतार घराबाहेर द्या. पागोळ्या पडतात तिथे खडी टाका म्हणजे चिखलाचे शिंतोडे भिंतीवर उडणार नाहीत. कुदळ आपलीच असेल तर याला मजुरीही लागत नाही.

मग ओलीच्या रेषेच्या फूटभर वरपर्यंत गिलावा काढा आणि लोणा कोरड्या ब्रशने झाडा. धुतलात तर तो परत आत मुरतो. यंदा एवढ्यावर थांबा. हा पावसाळा चिरा उघडा राहू दे, दिसायला वाईट दिसेल. नवा गिलावा जानेवारीत, चुन्याचा: विरवलेला चुना रात्रभर पाण्यात भिजवून केलेला लगदा एक भाग, धुतलेली नदीची वाळू तीन भाग. दहा फूट लांब आणि चार फूट उंच भिंतीला दोन थरांत मिळून पाऊण इंच जाडीसाठी सुमारे तीन घनफूट वाळू आणि एक घनफूट लगदा लागतो. आठवडाभर दिवसातून दोनदा पाणी शिंपडा. वर चुन्याचेच पातळ हात द्या, प्लास्टिक पेंट नको. चुना कालवताना चष्मा आणि हातमोजे घाला. किनाऱ्यावरची वाळू फुकट दिसते, पण तिच्यात मीठ आहे. तुम्ही लोणा काढून पुन्हा लोणाच भराल.

प्रश्न (गुहागर): चौकटींना वाळवी लागली आहे. विहीर घरापासून आठ फुटांवर आहे. औषध मारावे का?

उत्तर: जमिनीत मुरवायचे औषध इथे अजिबात नको. जांभा सच्छिद्र आणि भेगाळ असतो, आज भिंतीलगत ओतलेले उद्या पोहऱ्यात येईल. वाळवीचे मातीचे बोगदे खरवडा, ते जमिनीत कुठे जातात ते शोधा आणि भिंतीला टेकवलेले सरपण, पुठ्ठे, जुन्या फळ्या हलवा. वाळवीला ओल लागते, म्हणून छपराची गळती आधी. चौकटीचा पाय कुजला असेल तर तेवढा कापून खाली चिऱ्याचा तुकडा बसवा. उरलेल्या लाकडाला काजूच्या टरफलांच्या तेलाचे दोन हात द्या. कोकणातला हा जुना उपाय आहे आणि स्वस्त आहे. फक्त ते अंगाला लागले तर बिब्ब्यासारखे उतते, म्हणून रबरी हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा सदरा घाला. भांड्यांच्या फळ्यांना लावू नका.

प्रश्न (अलिबाग): पावसात दार लागत नाही. रंधा मारून घेऊ?

उत्तर: जुलैत मारलात तर मार्चमध्ये फटीतून हात जाईल. आधी वरची बिजागरी बघा. बऱ्याचदा स्क्रू गंजून दार ओघळलेले असते. जुन्या भोकात लाकडाची खुंटी ठोकून पितळी किंवा स्टेनलेस स्टीलचा स्क्रू बसवा. तरीही घासले तर तेवढ्या जागेवर मेणबत्ती घासा आणि पेन्सिलीने खूण करून ठेवा. पाऊस सरल्यावर खुणेपुरताच, दोन मिलिमीटर रंधा मारा. दार उतरवलेलेच असेल तर वरच्या आणि खालच्या कडेला रंगाचे दोन हात द्या. रंगारी त्या कडा दिसत नाहीत म्हणून सोडतात आणि दार पाणी तिथूनच पिते.