पगार दिला म्हणजे आभार फिटले का?

या आठवड्याचं पत्र मिरजेहून आलंय. थोडं आटोपशीर करून देते.

‘सासूबाई मिशन हॉस्पिटलातून निवृत्त झालेल्या नर्स. गेल्या वर्षी अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू गेली, बोलणंही जड झालं. दिवसा मालगावच्या एक मावशी येतात. रात्र माझ्याकडे, कारण ह्यांची कुपवाडला शिफ्ट असते. आता वर्ष झालं म्हणून घरी उपकारस्तुतीची, म्हणजे देवाचे आभार मानायची सभा ठेवलीय, चर्चचे पाळकसाहेब येणार आहेत. मी म्हटलं, मावशींचंही नाव घेऊन आभार मानू. मावशी सासूबाईंची कूस बदलताना “चला बाई, आता मालगावकडं तोंड करा” म्हणतात, आणि सासूबाई डाव्या हाताने पलंगाची कड धरून हसतात. वर्षात त्या हसल्या असतील तर तेवढ्याच. पुण्याच्या नणंदबाई फोनवर म्हणाल्या, “उपकारस्तुती देवाची असते, पगारी बाईची नाही. विश्वास असता तर बाई ठेवावीच लागली नसती, आईचं आपल्या हातानं केलं असतं.” तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही. देवावर भरवसा ठेवण्यात मी कमी पडते का? आणि एक. रात्री तिसऱ्यांदा उठताना कधीकधी वाटतं, आता सुटका व्हावी. कुणाची, ते लिहायचं धाडस नाही.’

भगिनी, सलाम.

शेवटच्या ओळीपासूनच सुरुवात करते, कारण बाकीचं पत्र तुम्ही त्या ओळीसाठी लिहिलंय असं मला वाटतं. आजाऱ्याची रात्र काढणाऱ्या कितीतरी जणींच्या मनात हा विचार येऊन जातो. बोलत कुणीच नाही, आणि चर्चला जाणारी तर मुळीच नाही. एलियाने मात्र तो देवाला तोंडावर सांगितला. पहिल्या राजे पुस्तकाचा एकोणिसावा अध्याय काढा. एवढा मोठा संदेष्टा, रानात झुडपाखाली बसून म्हणतो, आता पुरे, माझा प्राण घे. देवाने त्याला उपदेश केला का? विश्वास कमी पडला म्हणून झापलं का? आधी झोपू दिलं. मग दूताने उठवून भाकर आणि पाणी दिलं. तो खाऊन पुन्हा झोपला, तर पुन्हा उठवून खायला दिलं, वाट लांबची आहे म्हणून. काय बोलायचं ते देव नंतर बोलला. तुम्हाला लाज वाटण्यासारखं यात काही नाही, तुम्हाला झोप हवीय. पण हा विचार दिवसाही पाठ सोडत नसेल, स्वतःच्या जिवाचं बरंवाईट करावंसं वाटत असेल, तर थांबू नका. डॉक्टरांशी बोला, किंवा टेलि-मानसच्या १४४१६ या सरकारी नंबरवर फोन करा. तो मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.

आता नणंदबाई. ‘विश्वास असता तर बाई लागली नसती’ हे वाक्य ऐकायला फार धार्मिक वाटतं, पण पवित्र शास्त्रात त्याला आधार सापडत नाही. इस्राएल लोकांची अमालेकी टोळीशी लढाई चालू होती तेव्हा मोशे टेकडीवर हात वर धरून उभा होता. हात वर असले की इस्राएलाची सरशी, खाली आले की पीछेहाट. आणि त्याचे हात अवघडले! मग अहरोन आणि हूर यांनी त्याला बसायला धोंडा दिला आणि दोघांनी दोन बाजूंनी त्याचे हात सूर्य मावळेपर्यंत धरून ठेवले. देवाकडे उचललेले हातसुद्धा माणसांनी धरावे लागले, आणि देवाला त्यात काही वावगं दिसलं नाही. प्रभू येशूचा वधस्तंभ वाटेत कुरेनेकर शिमोनावर लादला गेला. त्याच स्तंभावरून प्रभूने आपली आई शिष्याच्या हवाली केली. स्वर्गातला बाप बघून घेईल असं म्हणून तिला सोडलं नाही. घर बघून दिलं.

तुमच्या मिरजेत तर हे कुणी सांगायला नको. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली तिथे इस्पितळ उभारलं. नुसत्या प्रार्थनेवर भागत असतं तर त्यांना ऑपरेशनची खोली कशाला लागली असती? तुमच्या सासूबाईंनी उमेदीची वर्षं परक्यांच्या आयांच्या कुशी बदलण्यात घालवली, आणि दर महिन्याला पगार घेतला. त्यांची सेवा पगारी होती म्हणून ती देवाची नव्हती, असं नणंदबाई म्हणतील का? याच पगारावर नणंदबाईंची शाळा झाली असेल.

त्यामुळे सभेत मावशींचं नाव घ्या, बिनदिक्कत घ्या. रोमकरांस पत्राचा सोळावा अध्याय बघा, आपण तो नावांची यादी म्हणून भराभर उरकतो. प्रेषित पौल तिथे एकेकाचं नाव घेतो. फिबीने पुष्कळांना आणि मलाही साहाय्य केलं, म्हणतो. रूफाची आई ही माझीही आई, म्हणतो. काय केलं असेल हो त्या बाईने? शास्त्रात लिहिलेलं नाही. जेवू घातलं असेल, आजारपणात उशाशी बसली असेल. त्या माउलीचं नाव लिहायचं राहून गेलं, पण उपकार सांगायचा राहिला नाही.

मात्र मावशींना आधी विचारा. त्या आपल्या चर्चच्या मंडळीतल्या नाहीत, असं पत्रावरून दिसतं. चार लोकांत उभं करून, डोक्यावर हात ठेवून लांबलचक प्रार्थना केली तर बिचाऱ्या संकोचतील. त्यांना साक्षीचा, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते चारचौघांत सांगण्याचा, विषय करू नका. पाळकसाहेबांना आधीच कल्पना द्या. ‘चला बाई, मालगावकडं तोंड करा’ एवढं सगळ्यांना सांगितलंत तरी पुरे, सासूबाई पुन्हा हसतील. आणि जेवायला मावशी सगळ्यांबरोबर, त्याच पंगतीत. मागाहून स्वयंपाकघरात नाही.

खरी उपकारस्तुती मात्र सभेत होत नाही, ती एक तारखेला होते. मजूर आपल्यातला असो की उपरा, त्याची मजुरी सूर्य मावळायच्या आत दे, कारण त्याचा जीव तिच्यावर लागलेला असतो, असं पवित्र शास्त्रातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकात सांगितलंय. सूर्यास्त नाही तर निदान तारीख तरी पाळा. मावशींना आठवड्याची सुट्टी आहे का? पत्रात तुम्ही त्याचा उल्लेख केलेला नाही, म्हणून विचारते. गौरी-गणपतीला, घरच्या लग्नकार्याला, त्या स्वतः तापाने पडल्या तर काय? त्या रजेचे पैसे कापता का? साडीचोळी करा, जरूर करा, पण भरपगारी सुट्टी आधी. चर्चमध्ये ‘प्रभूने मावशींच्या रूपाने दूत पाठवला’ अशी साक्ष देणारी आणि दुसऱ्या दिवशी खाड्याचे पैसे कापणारी घरं मी पाहिलीत.

आता तुमच्या झोपेचं. सुट्टीच्या दिवशी मावशींच्या जागी कोण, आणि रात्री तुमच्या जागी कोण, हे एकदा कागदावर मांडा. ह्यांना साप्ताहिक सुट्टी असते ना? मग त्या दिवशीची रात्र त्यांची. आई त्यांची आहे, आणि कूस बदलायला शिकणं अवघड नाही, मावशी एका दुपारी शिकवतील. चादरीची घडी अंगाखाली घालून दोघांनी सरकवलं की कंबर धरत नाही, ही युक्ती तुम्हालाही माहीत नसेल तर शिकून घ्या. दर दोन तासांनी उठत असाल, तर हवेची गादी घेतल्यावर रात्री किती वेळाने कूस बदललेली चालेल, ते डॉक्टरांना विचारा. मनानेच अंतर वाढवू नका, पाठीला आणि टाचांना जखमा व्हायला वेळ लागत नाही. महिला मंडळातल्या भगिनी ‘प्रार्थनेत आठवण ठेवतो’ म्हणाल्या तर म्हणा, जरूर ठेवा, आणि गुरुवारी दुपारी दोन तास येऊन बसा. ‘काही लागलं तर सांगा’ म्हणणाऱ्यांना वार आणि वेळ सांगितली की खरे कोण ते कळतं.

१२१वं स्तोत्र तुम्हाला पाठ असेल. इस्राएलाचा रक्षक झोपत नाही, डुलकीही घेत नाही. ते काम त्याचं आहे. तुम्हाला रात्रभर जागं राहायला त्यात कुठेही सांगितलेलं नाही.

नणंदबाईंशी भांडू नका. लांब राहणाऱ्या लेकीला आपल्या हातून काही होत नाही याची टोचणी असते, आणि ती अशीच तिरकी बाहेर पडते. त्यांना एवढंच म्हणा, ‘ताई, तुमचं बरोबर आहे, आईचं आपल्या हातानं व्हायलाच हवं. मावशी दिवाळीला आठ दिवस रजेवर आहेत, तेव्हा या.’ पुण्याहून कोयना एक्सप्रेसमध्ये बसलं की त्याच दिवशी मिरज. तिकीट तुम्हीच काढून पाठवा, म्हणजे आरक्षण मिळालं नाही असं व्हायला नको.