आधी कॅशे, मग प्लगइन

भाऊ, रावेरच्या केळीचे आजचे भाव टाकले तरी तुझ्या वर्डप्रेस (साईट बनवायचं सॉफ्टवेअर) साईटवर कालचेच दिसतात, म्हणून लगेच प्लगइन, म्हणजे साईटला जोडलेलं जादा सॉफ्टवेअर, उडवू नकोस. आधी ब्राउझरच्या खाजगी खिडकीत पान उघड. तिथे नवे भाव दिसले, तर पानाची साठवलेली जुनी प्रत, म्हणजे कॅशे, फक्त तुझ्या ब्राउझरने धरून ठेवलीय. नाही दिसले तर कॅशे प्लगइन, होस्टिंगचा सर्व्हर आणि सीडीएन (पानाच्या प्रती ठिकठिकाणच्या सर्व्हरवर ठेवणारी सेवा) असेल तर तोही, या क्रमाने प्रत्येकाची कॅशे रिकामी कर. भावाचं पान कॅशेतून कायमचं वगळलंस तर उत्तम. शेतकरी त्यावर माल काढायचा की थांबायचं ते ठरवतो.

कॅशेची दोन प्लगइन एकत्र कधीच नको. वर्डप्रेसमध्ये दोघंही अॅडव्हान्स्ड-कॅशे नावाची एकच फाईल वापरू पाहतात. प्लगइन काढल्यावरही ती कधी मागे उरते, तेवढी बघ.

साईट पांढरी पडली, म्हणजे नुसतं कोरं पान दिसलं, तर ईमेल तपास. २०१९ च्या ५.२ आवृत्तीपासून वर्डप्रेस दुरुस्तीची लिंक पाठवतं. ती आली नाही तर प्लगइन्स फोल्डरचं नाव बदल, लॉगिन करून प्लगइनची यादी एकदा उघड, मग नाव पूर्ववत कर. सगळी बंद झालेली दिसतील. एकेक चालू करत जा, आणि दरवेळी कॅशे रिकामी कर. मी हेच विसरलो आणि चोपड्यात बसून अख्खी रात्र चुकीच्या प्लगइनमागे घालवली.