ब्रूस लीच्या ‘फिस्ट ऑफ फ्युरी’मधली चिंग वू शाळा खरंच होती का? तिचा इतिहास काय?

होती, आणि आजही आहे. सिनेमातला (१९७२) नायक छन चन काल्पनिक. त्याचा गुरू हुओ युआनजिया मात्र खरा.

हुओचा जन्म १८६८चा, तिएनचिनजवळच्या खेड्यातला. घराण्याची विद्या मिझोंग नावाची कुंगफूची शैली. शांघायमध्ये ओब्रायन नावाचा गोरा पहिलवान चिन्यांना आव्हान देत होता, त्याच्याशी लढायला हुओला बोलावलं. नियमांवरून घोडं अडलं आणि लढत झालीच नाही. पण हुओचं नाव गाजलं, त्या जोरावर १९१०मध्ये शांघायला शाळा निघाली आणि त्याच वर्षी हुओ वारला! जपानी डॉक्टरने विष दिलं ही कथा सगळे रंगवून सांगतात. तो आधीपासून आजारी होता, हे कुणी सांगत नाही.

म्हणून माझ्या मते शाळेचा खरा इतिहास हुओनंतरचा. छन गोंगझे, लू वेइछांग आणि याओ छानबो या पैसेवाल्या घरांतल्या तीन तरुणांनी ती उभी केली. तोवर विद्या म्हणजे घराण्याचं गुपित. वस्ताद खुश झाला तर चार डाव जास्त. इथे उलटं. आधी सगळ्यांनी हालचालींचे ठरावीक दहा संच शिकायचे (कराटेवाले काता म्हणतात तसे), मग गरुडपंजा, खंडोबाचा किडा (मँटिस), ताय ची, यातली जी शैली आवडेल ती. एकाच छताखाली वेगवेगळ्या घराण्यांचे वस्ताद! बायकांनाही प्रवेश. जोडीला फोटोग्राफी, संगीत, फुटबॉल. छन गोंगझे स्वतः फोटोग्राफीवेडा, त्यामुळे डावांचे फोटो छापून पुस्तकंही निघाली. १९६६नंतर सांस्कृतिक क्रांतीत शांघायचं काम बंद पडलं, तेव्हा देशाबाहेरच्या शाखांनी विद्या जपली.

त्यातली क्वालालंपूरची शाखा १९२१ची. नोकरीनिमित्त तिथे असताना मी काही महिने चिंग वूचे धडे घेतले. घराणं, गुरू कुणी विचारलं नाही. फॉर्म भरला, फी भरली, सोमवारपासून या. पहिला संच तान तुई, बारा ओळींचा: ठोसा आणि खालची लाथ एकदमच, उजवीकडे जे केलं तेच डावीकडे. दुसऱ्या ओळीला माझ्या मांड्या थरथरायला लागल्या. शेजारच्या सत्तरीच्या आजी बाराही ओळी संपवून थर्मासमधला चहा पीत बसल्या होत्या.